मिशिगनची मोकळी जागा आणि 19 हजार मतांचे गणित

5 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर दोन मोठे निर्णय घेतले. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या डोनाल्ड ट्रम्प यांना 28,16,636 आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांना 27,36,533 मते दिली, म्हणजे ट्रम्प यांनी हे राज्य 80,103 मतांनी जिंकले. त्याच मतपत्रिकेवर, त्याच मतदारांनी, सिनेटच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या एलिसा स्लॉटकिन यांना 27,12,686 आणि रिपब्लिकन पक्षाच्या माइक रॉजर्स यांना 26,93,680 मते दिली, आणि स्लॉटकिन 19,006 मतांनी निवडून आल्या. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाला मत देणारे हजारो लोक सिनेटसाठी स्लॉटकिन यांच्याकडे वळले असतील. परंतु आकडे पुन्हा वाचले की एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. जिंकलेल्या स्लॉटकिन यांना पराभूत हॅरिस यांच्यापेक्षा 23,847 मते कमीच पडली होती. पक्षाच्या हरलेल्या उमेदवारापेक्षा कमी मते घेऊन त्याच पक्षाची दुसरी उमेदवार त्याच दिवशी जिंकते, हे कसे घडले, याचे उत्तर शोधताना अटीतटीच्या राज्यातील मोकळ्या जागेची निवडणूक म्हणजे काय, हे बऱ्यापैकी उलगडते.

आधी जागेविषयी. अमेरिकेच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह म्हणजे सिनेट. तिथे 100 सदस्य असतात, आणि लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक राज्याला दोनच जागा मिळतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. आपल्या राज्यसभेत आमदार मतदान करतात, तसे तिथे नाही. 1913 पासून सिनेटचे सदस्य थेट जनतेतून निवडले जातात आणि त्यासाठी संपूर्ण राज्य हा एकच मतदारसंघ असतो. मिशिगनची लोकसंख्या सुमारे एक कोटी आहे, त्यामुळे उमेदवाराला डेट्रॉइटच्या दाट वस्तीपासून उत्तरेकडील विरळ, जंगलांनी व्यापलेल्या द्वीपकल्पापर्यंत सगळीकडे मते मागावी लागतात. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, एवढाच नियम. निम्म्याहून अधिक मते मिळालीच पाहिजेत अशी अट मिशिगनमध्ये नाही. स्लॉटकिन 48.6 टक्क्यांवर निवडून आल्या.

मोकळी जागा म्हणजे जिथे विद्यमान सदस्य स्वतः रिंगणात उतरलेला नाही अशी जागा. भारतीय वाचकाला याचे महत्त्व चटकन जाणवत नाही, कारण आपल्याकडे विद्यमान आमदार किंवा खासदार असणे हे अनेकदा ओझेच ठरते आणि पक्षही नाराजी टाळण्यासाठी सर्रास उमेदवार बदलतात. अमेरिकेत चित्र उलटे आहे. प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निवडणुकीत पुन्हा उभे राहिलेल्या सदस्यांपैकी साधारण नव्वद टक्के किंवा त्याहून अधिक निवडून येतात, आणि सिनेटमध्येही विद्यमान सदस्याला हरवणे अवघड समजले जाते. सदस्याची राज्यभर कार्यालये असतात. माजी सैनिकाचे अडकलेले लाभ, निवृत्तिवेतनाची चूक, पासपोर्टचा खोळंबा अशी कामे तिथून होतात आणि ती ज्यांची झाली ते लोक पक्ष न पाहता नाव लक्षात ठेवतात. देणगीदारांच्या याद्या तयार असतात. सगळ्यांत मोठा लाभ मात्र निवडणुकीच्या आधीच मिळालेला असतो: समोरच्या पक्षातील ताकदवान माणसे अशा सदस्याविरुद्ध उभे राहून स्वतःची कारकीर्द पणाला लावायला तयार होत नाहीत. ती वाट पाहतात. जागा मोकळी झाली की ही थांबलेली माणसे एकदम पुढे येतात.

मिशिगन अटीतटीचे राज्य आहे हे सिद्ध करायला तीन आकडे पुरेसे आहेत. 2016 मध्ये ट्रम्प यांनी ते 10,704 मतांनी जिंकले, 2020 मध्ये जो बायडेन यांनी 1,54,188 मतांनी, आणि 2024 मध्ये पुन्हा ट्रम्प यांनी 80,103 मतांनी. पंचावन्न लाखांच्या आसपास मतदान होणाऱ्या राज्यात तिन्ही वेळा फरक तीन टक्क्यांच्या आत राहिला. तरीही सिनेटच्या बाबतीत हे राज्य एकतर्फी भासत असे, कारण रिपब्लिकन पक्षाने तिथे सिनेटची शेवटची निवडणूक 1994 मध्ये जिंकली होती. डेमोक्रॅटिक पक्षाचे कार्ल लेविन तब्बल 36 वर्षे सिनेटमध्ये होते. त्याच पक्षाच्या डेबी स्टॅबेनो 2001 पासून होत्या. लेविन निवृत्त झाल्यावर 2014 मध्ये त्यांची जागा मोकळी झाली, परंतु ती लढत चुरशीची झालीच नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचे गॅरी पीटर्स तेरा टक्क्यांहून अधिक फरकाने आले. तेच पीटर्स 2020 मध्ये विद्यमान सदस्य म्हणून उभे राहिले तेव्हा मात्र रिपब्लिकन पक्षाच्या जॉन जेम्स यांच्याविरुद्ध जेमतेम 1.7 टक्क्यांनी तरले. म्हणजे जागा मोकळी असणे एवढ्याने चुरस होत नाही. राज्य मधोमध दुभंगलेले असावे लागते, आणि 2016 नंतरचे मिशिगन तसे झाले होते.

हा दुभंग नकाशावरही दिसतो. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) येते तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा मोठा साठा आहे. ॲन आर्बर हे विद्यापीठाचे गाव आणि लान्सिंग ही राजधानीही त्याच बाजूची. डेट्रॉइटच्या उत्तरेला लागून मॅकोम्ब आणि ओकलंड या दोन काउंटी शेजारी शेजारी आहेत, आणि गेल्या दशकभरात त्या नेमक्या उलट दिशांना गेल्या. मोटारउद्योगातील कामगारांची मॅकोम्ब काउंटी 2012 मध्ये बराक ओबामांच्या बाजूने होती, 2016 पासून ट्रम्प यांच्या बाजूने आहे. एके काळी रिपब्लिकन समजली जाणारी सुशिक्षित, सुखवस्तू ओकलंड काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाकडे सरकली आहे. पश्चिमेकडे ग्रँड रॅपिड्सची केंट काउंटीही जुनी रिपब्लिकन ओळख सोडू लागली आहे. ग्रामीण काउंटी अधिकाधिक लाल, म्हणजे रिपब्लिकन, होत गेल्या आणि उपनगरे निळी, म्हणजे डेमोक्रॅटिक. बेरीज मात्र पुन्हा पुन्हा निम्म्यावरच येऊन थांबते. ही बेरीज अशी निम्म्यावर का थांबते याचे खात्रीशीर स्पष्टीकरण मला तरी कोणाकडून मिळालेले नाही, पण दोन्ही पक्षांना ती तोंडपाठ आहे.

5 जानेवारी 2023 रोजी स्टॅबेनो यांनी पुढची निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. मतदानाला अजून बावीस महिने होते. एवढ्या लवकर सांगण्यामागे सौजन्यापेक्षा हिशेब अधिक असतो. राज्यभर ओळख निर्माण करायला आणि पैसा उभा करायला नव्या उमेदवाराला वेळ लागतो, आणि निवृत्त होणारा सदस्य जितका उशीर करतो तितका तो स्वतःच्याच पक्षाला अडचणीत आणतो. काही आठवड्यांतच स्लॉटकिन यांनी उमेदवारी जाहीर केली. त्या मूळच्या केंद्रीय गुप्तचर संस्थेतील विश्लेषक. इराकमध्ये तीन वेळा काम केलेल्या आणि नंतर संरक्षण खात्यात अधिकारी राहिलेल्या. 2018 मध्ये त्यांनी रिपब्लिकन सदस्याला हरवून प्रतिनिधीगृहात प्रवेश केला होता आणि ज्या भागात ट्रम्प यांना भरपूर मते पडत होती तिथे आणखी दोनदा टिकून राहिल्या होत्या. काठावरच्या मतदारसंघाचा अनुभव ही त्यांची खरी पुंजी होती.

रॉजर्स यांची गोष्ट जुन्या राजकारणाशी जोडलेली आहे. 2000 मध्ये स्टॅबेनो यांनी प्रतिनिधीगृहातील आपली जागा सोडून सिनेटसाठी उडी घेतली आणि स्पेन्सर एब्रहम या विद्यमान रिपब्लिकन सदस्याला थोड्या फरकाने हरवले. त्यांनी मागे सोडलेली प्रतिनिधीगृहाची जागा साहजिकच मोकळी झाली, आणि ती जिंकली माजी एफबीआय अधिकारी असलेल्या माइक रॉजर्स यांनी, डायान बायरम यांच्याविरुद्ध अवघ्या 111 मतांनी. पुढे ते चौदा वर्षे प्रतिनिधीगृहात राहिले, तिथल्या गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष झाले आणि 2015 च्या सुरुवातीला बाहेर पडले. म्हणजे स्टॅबेनो यांनी मोकळी केलेली जागा लढवण्याची त्यांची ही दुसरी वेळ होती. दरम्यान ते फ्लोरिडात राहायला गेले होते आणि निवडणुकीसाठी मिशिगनमध्ये परतले, हा मुद्दा विरोधकांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

उमेदवार ठरतो कसा, हे इथे सांगायला हवे, कारण आपल्याकडील तिकीटवाटपाशी त्याचे फारसे साम्य नाही. पक्षश्रेष्ठी यादी काढत नाहीत. प्रत्येक पक्षाची प्राथमिक निवडणूक सरकारच घेते आणि सामान्य मतदार उमेदवार निवडतात. मिशिगनमध्ये मतदारनोंदणी करताना पक्ष नोंदवण्याची पद्धतच नाही. ऑगस्टमधील प्राथमिक निवडणुकीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि मतदाराने त्यांतील एकाच पक्षाच्या रकान्यात मते द्यायची असतात. दोन्हीकडे खुणा केल्या तर मत बाद. 6 ऑगस्ट 2024 च्या प्राथमिक निवडणुकीत स्लॉटकिन यांनी अभिनेते हिल हार्पर यांना सुमारे 76 टक्के मते घेऊन हरवले. रिपब्लिकन बाजूला सुरुवातीला गर्दी होती: डेट्रॉइटचे माजी पोलिसप्रमुख जेम्स क्रेग आणि प्रतिनिधीगृहाचे माजी सदस्य पीटर मायर यांनी मधेच माघार घेतली, माजी सदस्य जस्टिन अमाश शेवटपर्यंत राहिले, परंतु मार्चमध्ये ट्रम्प यांनी रॉजर्स यांना पाठिंबा जाहीर केल्यावर बाकीचे जवळपास औपचारिकतेपुरते उरले. रॉजर्स यांनी पूर्वी ट्रम्प यांच्यावर टीका केली होती हे पाहता या पाठिंब्याची किंमत दोघांनाही ठाऊक असणार.

मोकळी जागा सगळीकडे सारखी नसते, हे याच राज्यातील एका मराठी माणसाच्या निवडीवरून चांगले समजते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये डेट्रॉइट आणि परिसराच्या तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृहात गेले. ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्याने तीही जागा मोकळी झाली होती. पण तो मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक आहे की नोव्हेंबरची निवडणूक केवळ शिक्कामोर्तबाची. खरी लढाई ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचेच अनेक उमेदवार रिंगणात असल्याने मते विखुरली आणि ठाणेदार सुमारे 28 टक्के मतांवर उमेदवारी जिंकून गेले. एकतर्फी मतदारसंघात जागा मोकळी होते तेव्हा चुरस पक्षाच्या आत होते आणि उमेदवार आपल्या पक्षाच्या कट्टर मतदाराशी बोलतो. स्लॉटकिन आणि रॉजर्स यांना तशी मुभा नव्हती. पक्षाच्या कट्टर मतदाराला न दुखावता काठावरच्या माणसाशी बोलण्याची कसरत दोघांनाही करावी लागली, आणि ती त्यांच्या प्रचारात स्पष्ट दिसली.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा प्रश्न घ्या. मोटारउद्योगाच्या माहेरघरात हा प्रश्न पोटाचा आहे. बायडेन सरकारची प्रदूषणविषयक धोरणे म्हणजे लोकांवर विजेच्या मोटारी लादणे होय, असा रॉजर्स यांचा आरोप होता; बिग रॅपिड्सजवळ चिनी मूळ असलेल्या गोशन कंपनीच्या बॅटरी कारखान्याला मिळालेल्या सरकारी मदतीवरूनही त्यांनी स्लॉटकिन यांना घेरण्याचा प्रयत्न केला. स्लॉटकिन यांनी जाहिरातीत सांगितले की त्या स्वतः कच्च्या रस्त्यावर राहतात, जवळपास चार्जिंगची सोय नाही आणि त्यांच्याकडे विजेची मोटारही नाही. पण उद्याच्या गाड्या कोणीतरी बनवणारच असेल तर त्या चीनऐवजी मिशिगनमध्ये बनाव्यात. रॉजर्स यांना तशीच कसरत गर्भपाताच्या प्रश्नावर करावी लागली. 2022 च्या सार्वमतात मिशिगनने गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला होता, आणि संसदेत असताना गर्भपाताविरुद्ध मतदान केलेले रॉजर्स आता राज्याच्या निर्णयाचा आदर करण्याचे आश्वासन देत होते. महागाई आणि औषधांच्या किमती दोघांच्याही भाषणांत होत्या. गाझातील युद्धावरून डिअरबॉर्न आणि आसपासच्या अरब अमेरिकी मतदारांत तीव्र नाराजी होती. फेब्रुवारीतील राष्ट्राध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून अधिक डेमोक्रॅटिक मतदारांनी 'कोणासही बांधील नाही' हा पर्याय निवडून ती आधीच नोंदवली होती.

पैशाबाबत थोडक्यात. 2024 च्या निवडणुकीत एक व्यक्ती एका उमेदवाराला प्राथमिक निवडणुकीसाठी 3,300 आणि मुख्य निवडणुकीसाठी 3,300 डॉलरपर्यंतच देणगी देऊ शकत होती. 'सुपर पॅक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र गटांना मात्र 2010 पासून अमर्याद पैसा घेता आणि खर्चता येतो. अट एकच, की त्यांनी तो उमेदवाराशी संगनमत करून खर्चू नये. स्लॉटकिन यांनी स्वतःच्या प्रचारासाठी रॉजर्स यांच्या कितीतरी पट अधिक देणग्या गोळा केल्या, आणि रॉजर्स यांची उणीव प्रामुख्याने बाहेरच्या गटांनी भरून काढली. दोन्हीकडचा पैसा सारखा मोजणे चुकीचे ठरते, कारण मतदानापूर्वीच्या साठ दिवसांत दूरचित्रवाणी केंद्रांना उमेदवाराच्या जाहिरातीसाठी सर्वांत कमी दर लावावा लागतो, तर बाहेरच्या गटांना बाजारभाव मोजावा लागतो. त्यामुळे उमेदवाराच्या हातातील डॉलर सुपर पॅकच्या डॉलरपेक्षा जास्त वेळ पडद्यावर दिसतो. पैशाने ही निवडणूक जिंकली असे मी म्हणणार नाही. पण विद्यमान सदस्याला जी ओळख आयती मिळते ती मोकळ्या जागेवर विकत घ्यावी लागते, आणि ती स्लॉटकिन यांना स्वस्तात पडली.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. मिशिगनची मतपत्रिका कागदी असते. नावापुढचा लांबट गोल शाईने भरायचा आणि कागद यंत्रात घालायचा. मतपत्रिकेच्या आरंभीच एक सोय असते: पक्षाच्या नावापुढील एकच गोल भरला की त्या पक्षाच्या सर्व उमेदवारांना मत जाते, आणि हवे असल्यास एखाद्या पदापुरता वेगळा उमेदवारही निवडता येतो. विधिमंडळाने ही सोय काढून टाकण्याचा कायदा केला होता. 2018 च्या सार्वमतात मतदारांनी ती राज्यघटनेतच घालून टाकली. ज्याने हा गोल भरला त्याचे मत राष्ट्राध्यक्षापासून खालपर्यंत आपोआप जाते. गळती होते ती हा गोल न भरणाऱ्यांच्या मतपत्रिकांत. ते राष्ट्राध्यक्षपदाचे नाव भरतात आणि पुढे सिनेटच्या रकान्यात दुसऱ्या पक्षाला, एखाद्या लहान पक्षाला, किंवा कोणालाच मत देत नाहीत.

हॅरिस यांच्या तुलनेत स्लॉटकिन यांची घट 23,847 होती, हे आपण पाहिले. ट्रम्प यांच्या तुलनेत रॉजर्स यांची घट किती? 1,22,956. म्हणजे पाचपटीहून अधिक. सिनेटच्या रकान्यात एकूण मतेच राष्ट्राध्यक्षपदापेक्षा सुमारे 87 हजारांनी कमी पडली, आणि लहान पक्षांना राष्ट्राध्यक्षपदासाठी सुमारे 1 लाख 11 हजार मते होती ती सिनेटसाठी सुमारे 1 लाख 71 हजार झाली. यात लिबर्टेरियन आणि ग्रीन या पक्षांच्या उमेदवारांना प्रत्येकी 50 हजारांहून अधिक मते मिळाली, म्हणजे दोघांपैकी कोणाचीही मते विजयी मताधिक्याच्या अडीचपटीहून जास्त होती. रॉजर्स यांच्याकडे न पोहोचलेल्या त्या सव्वा लाखाच्या घरातील मतांपैकी दर सहा-सात मतांमागे एक जरी त्यांना मिळाले असते, तरी निकाल फिरला असता.

या बेरजांवरून कोणत्या मतदाराने नेमके काय केले हे सांगता येत नाही, आणि तसे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच पाहावे. ट्रम्प यांना मत देऊन स्लॉटकिन यांनाही मत देणारे लोक निश्चितच असतील, तसे हॅरिस यांना मत देऊन ग्रीन पक्षाकडे गेलेलेही असतील. ही सगळी ये-जा एकमेकांत मिसळून शेवटचा आकडा येतो. परंतु एक गोष्ट त्या बेरजांतूनच दिसते. ट्रम्प यांच्या मतांचा एक भाग रिपब्लिकन पक्षाचा नव्हता, तो ट्रम्प यांचा होता. हे मतदार एका माणसासाठी बाहेर पडले आणि त्यांना पक्षाच्या दुसऱ्या नावात विशेष रस नव्हता. त्यांना खालच्या रकान्यापर्यंत आणण्यासाठी ओळखीचे नाव लागते, आणि दहा वर्षे पदाबाहेर व काही काळ राज्याबाहेर राहिलेल्या उमेदवाराचे नाव तेवढे ओळखीचे नव्हते. स्लॉटकिन यांचे यश इतकेच, की त्यांनी आपल्या बाजूची गळती आटोक्यात ठेवली.

हे यश सर्वस्वी त्यांचे मानावे का? मला वाटते, नाही. त्याच दिवशी ट्रम्प यांनी जिंकलेल्या विस्कॉन्सिन, नेवाडा आणि ॲरिझोना या राज्यांतही सिनेटची जागा डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकली. त्यांपैकी विस्कॉन्सिन आणि नेवाडात विद्यमान सदस्य उभ्या होत्या, ॲरिझोनात मिशिगनप्रमाणेच मोकळी जागा होती. 2016 मध्ये असे एकाही राज्यात घडले नव्हते, 2020 मध्ये फक्त मेन राज्यात. म्हणजे वरच्या आणि खालच्या रकान्यातील अंतर हे त्या वर्षाचे वैशिष्ट्य होते. उलट पेनसिल्व्हेनियात अठरा वर्षे सिनेटमध्ये असलेले बॉब केसी सुमारे 15 हजार मतांनी हरले. मिशिगनमध्ये विद्यमान सदस्य नसूनही पक्षाने जागा राखली आणि शेजारच्याच पट्ट्यातील दुसऱ्या अटीतटीच्या राज्यात विद्यमान सदस्य असूनही गमावली. विद्यमानपणाचा लाभ अजून आहे, पण राष्ट्रीय पक्षनिष्ठा जसजशी घट्ट होत गेली तसतसा तो आक्रसला आहे, आणि काठावरच्या राज्यात तो एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नसावा. एक-दोन टक्के ऐकायला कमी वाटतात. मिशिगनमध्ये एक टक्का म्हणजे पंचावन्न हजारांहून अधिक मते होतात, स्लॉटकिन यांच्या मताधिक्याच्या जवळपास तिप्पट.

मतमोजणीच्या रात्री रॉजर्स बराच वेळ आघाडीवर दिसत होते आणि स्लॉटकिन यांचा विजय दुसऱ्या दिवशी जाहीर झाला. अशा वेळी संशयाला जागा मिळते, म्हणून कारण सांगितलेले बरे. लहान गावांची मोजणी लवकर आटोपते. डेट्रॉइटसारख्या मोठ्या शहरांत टपालाने आलेल्या मतपत्रिकांचे ढीग असतात, प्रत्येक पाकिटावरील सही पडताळायची असते, आणि ही शहरे डेमोक्रॅटिक असल्याने उशिरा येणारी मते त्या पक्षाची असतात. 2024 साठी मोठ्या शहरांना टपाली मतपत्रिकांचे काम मतदानाच्या आठ दिवस आधीपासून सुरू करण्याची मुभा मिळाली होती, त्यामुळे 2020 च्या मानाने खोळंबा कमी झाला. मिशिगनमध्ये राज्यव्यापी निवडणुकीतील फरक 2,000 मतांचा किंवा त्याहून कमी असेल तरच फेरमोजणी आपोआप होते. 19 हजारांचा फरक टक्केवारीत 0.34 इतका बारीक असला तरी त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर होता.

या जागेची एक किंमतही डेमोक्रॅटिक पक्षाने मोजली, आणि विजयाच्या बातम्यांत ती झाकली गेली. सिनेटसाठी उभे राहायचे तर स्लॉटकिन यांना प्रतिनिधीगृहातील सातव्या मतदारसंघाची जागा सोडावी लागली. लान्सिंग आणि परिसराचा हा मतदारसंघही दुभंगलेलाच. 2022 मध्ये स्लॉटकिन यांनी तिथे टॉम बॅरेट यांना सुमारे पाच टक्क्यांनी हरवले होते. 2024 मध्ये त्याच बॅरेट यांनी कर्टिस हर्टेल यांना सुमारे चार टक्क्यांनी हरवून ती मोकळी जागा रिपब्लिकन पक्षाकडे नेली. त्या निवडणुकीनंतर प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन पक्षाचे बळ 220 आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे 215 होते. इतक्या काठावरच्या सभागृहात एक जागा काय किमतीची असते हे सांगायला नको. सिनेटमध्ये मात्र रिपब्लिकन पक्ष 53 जागांवर गेला होता, त्यामुळे स्लॉटकिन यांच्या विजयाने तिथले बहुमत बदलले नाही. ताकदवान उमेदवार वर पाठवताना पक्ष खालची जागा धोक्यात घालतो, आणि हा सौदा फायद्याचा झाला की नाही हे दोन्ही सभागृहांचे निकाल हाती आल्यावरच कळते.

असे सौदे मिशिगनमध्ये लगेच पुन्हा मांडले गेले. जानेवारी 2025 मध्ये गॅरी पीटर्स यांनी 2026 ची निवडणूक लढवणार नसल्याचे सांगितले, आणि राज्यातील सिनेटची दुसरी जागाही मोकळी झाली. एप्रिलमध्ये माइक रॉजर्स यांनी तिच्यासाठी उमेदवारी जाहीर केली. डेमोक्रॅटिक बाजूने राज्य विधिमंडळातील मॅलरी मॅकमॉरो, सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील अब्दुल एल-सय्यद आणि प्रतिनिधीगृहातील हेली स्टीव्हन्स पुढे आले. स्टीव्हन्स यांच्यामुळे ओकलंड काउंटीतील त्यांची प्रतिनिधीगृहाची जागा मोकळी झाली. गव्हर्नर, म्हणजे राज्य सरकारच्या निवडून आलेल्या प्रमुख, ग्रेचेन व्हिटमर यांच्या दोन मुदती संपत असल्याने तेही पद मोकळे, आणि त्यासाठी जॉन जेम्स यांनी उडी घेतल्यामुळे मुख्यतः मॅकोम्बचा असलेला दहावा मतदारसंघही मोकळा झाला. 2022 मध्ये जेम्स यांनी तो जिंकला होता तेव्हाही ती मोकळीच जागा होती, आणि मताधिक्य होते सुमारे 1,600.